औषध संपल्यानंतरची जबाबदारी : अणुवैद्यकातील कचऱ्याची सुरक्षित विल्हेवाट

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या आयुष्यातील पन्नासावे वर्ष हा आनंदाचा प्रसंग आहे. अशा प्रसंगी वक्त्याने काही उदात्त विषय मांडावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र आपल्यासमोर कचऱ्याविषयी बोलणार आहे. आणि तोही रुग्णाच्या मलमूत्रातून, घामातून, उष्ट्या अन्नातून निर्माण होणाऱ्या कचऱ्याविषयी. मंगल प्रसंगी हा विषय काढावा की नाही, याचा मला संकोच वाटत होता. परंतु साधूंच्या आचारातील पाच समित्यांमध्ये उत्सर्ग समितीला स्थान आहे आणि शरीरातून बाहेर पडलेले कोठे व कसे टाकावे, जेणेकरून कोणत्याही जीवाला बाधा होणार नाही, हाच तिचा विषय आहे, हे स्मरले आणि माझा संकोच मावळला. ज्या परंपरेने या गोष्टीकडे इतक्या गांभीर्याने पाहिले, तिच्या व्यासपीठावर हा विषय परका ठरणार नाही, असा मला विश्वास वाटतो.

दुसरेही एक कारण आहे. या सभागृहात धर्मादाय रुग्णालयांच्या कार्यकारिणीवर काम करणारी अनेक मंडळी बसली आहेत. आज ना उद्या आपल्यापुढे असा प्रस्ताव येईल की, आपल्या रुग्णालयात अणुवैद्यकाचा विभाग सुरू करावा. त्या प्रस्तावात यंत्राची किंमत असेल, डॉक्टरांचे वेतन असेल, देणगीदाराच्या नावाची पाटी असेल. तळघरातील टाकीचा उल्लेख बहुधा शेवटच्या पानावर असेल. आज मला त्या शेवटच्या पानाविषयी बोलायचे आहे.

उपचाराचे स्वरूप

प्रथम हा उपचार म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. आपल्या गळ्याच्या पुढील भागात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. रक्तातील आयोडीन शोषून घेणे हा तिचा स्वभावधर्म आहे. आयोडीन साधे आहे की किरणोत्सारी, हा भेद तिला कळत नाही. वैद्यकाने नेमका याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली थायरॉइडच्या अतिक्रियाशीलतेने आजारी असलेल्या रुग्णाला प्रथम किरणोत्सारी आयोडीन दिले. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ साली मुंबईत परळ येथे ‘रेडिएशन मेडिसिन सेंटर’ सुरू केले आणि या उपचारपद्धतीचा भारतात पाया घातला गेला. यासाठी लागणारे आयोडीन-१३१ ट्रॉम्बे येथील अणुभट्टीत तयार होते, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची बाब आहे.

रुग्ण एक गोळी किंवा घोटभर द्रव घेतो. औषध रक्तातून थायरॉइडच्या पेशींपर्यंत पोहोचते आणि तेथे आतूनच किरणांचा मारा करते. या औषधातून दोन प्रकारचे किरण निघतात. त्यांपैकी बीटा कण शरीरात जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात. रोगट पेशी नष्ट करण्याचे काम तेच करतात. गॅमा किरण मात्र शरीराबाहेर पडतात. त्यामुळेच रुग्णाच्या जवळ बसणाऱ्यालाही काही प्रमाणात किरणोत्सार मिळतो. ग्रंथीच्या अतिक्रियाशीलतेसाठी लागणारी मात्रा थोडी असते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. थायरॉइडच्या कर्करोगात मात्र शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पेशी नष्ट करण्यासाठी शंभर मिलिक्युरी किंवा त्याहूनही अधिक मात्रा द्यावी लागते. अशा रुग्णाला काही दिवस स्वतंत्र खोलीत ठेवतात.

येथूनच आपल्या विषयाला आरंभ होतो. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढून टाकलेल्या रुग्णाच्या शरीरात आयोडीनला थांबण्यासाठी फारशी जागा उरलेली नसते. दिलेल्या औषधाचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग पहिल्या दोन दिवसांतच मूत्रावाटे बाहेर पडतो. थोडा भाग लाळेत, घामात आणि मलातही उतरतो. लाखमोलाचे म्हणून ज्या औषधाची वाट पाहिली, त्याचा मोठा हिस्सा अठ्ठेचाळीस तासांत शौचालयात जातो. रुग्णाच्या शरीरात जे औषध होते, तेच शरीराबाहेर आले की कचरा ठरते.

काळ हाच उपाय

किरणोत्सारी कचऱ्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यायला हवे. जंतूंनी दूषित झालेला कचरा उकळून, जाळून किंवा रसायनाने निर्जंतुक करता येतो. किरणोत्सारावर यांपैकी कशाचाही परिणाम होत नाही. जाळले तर आयोडीन धुरातून हवेत जाईल. रसायन ओतले तरी त्याचे किरण थांबणार नाहीत. त्याला शांत करणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे काळ.

प्रत्येक किरणोत्सारी द्रव्याला आपले अर्धायुष्य असते. जेवढ्या काळात त्याची तीव्रता निम्मी होते, तेवढा त्याचा अर्धायुष्यकाळ. आयोडीन-१३१ चा हा काळ सुमारे आठ दिवसांचा आहे. आज शंभर भाग असतील तर आठ दिवसांनी पन्नास, सोळा दिवसांनी पंचवीस, चोवीस दिवसांनी साडेबारा. दहा अर्धायुष्ये, म्हणजे सुमारे ८० दिवस गेले की मूळ तीव्रतेचा एक हजार चोविसावा भाग उरतो. शंभर मिलिक्युरी म्हणजे ३७० कोटी बेकरेल. प्रत्येक सेकंदाला ३७० कोटी अणूंचे विघटन. ८० दिवसांनी ही संख्या सुमारे ३६ लाखांवर येते. आणखी ८० दिवस थांबलात तर ती साडेतीन हजारांच्या आसपास येते. आपणा प्रत्येकाच्या शरीरात अन्नातून आलेले पोटॅशियम असते आणि त्यातील नैसर्गिक किरणोत्सारच चार हजार बेकरेलांच्या पुढे असतो. म्हणजे १६० दिवसांनंतर त्या संपूर्ण मात्रेचा उरलेला किरणोत्सार इथे बसलेल्या एका माणसाच्या नैसर्गिक किरणोत्सारापेक्षाही कमी असेल.

सर्वच औषधांना इतका काळ लागत नाही. तपासणीसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एम चे अर्धायुष्य सहा तासांचे आहे. अडीच दिवसांत त्याची दहा अर्धायुष्ये संपतात. पेट स्कॅनमधील फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे. आज संध्याकाळी बंद केलेली पिशवी उद्या दुपारी निरुपद्रवी झालेली असते. उलट, अलीकडे काही अंतःस्रावी गाठींच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी वापरात आलेल्या ल्युटेशियम-१७७ चे अर्धायुष्य पावणेसात दिवसांच्या आसपास असले तरी विशिष्ट पद्धतीने तयार केलेल्या ल्युटेशियममध्ये त्याच्याच एका दीर्घायुषी भावंडाचा अत्यल्प अंश मिसळलेला असतो. त्या भावंडाचे अर्धायुष्य सुमारे १६० दिवसांचे आहे. म्हणजे दहा अर्धायुष्यांसाठी चार वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणून रुग्णालयाने ‘सगळा कचरा एकाच खोलीत’ असा सोपा हिशेब करून चालत नाही. कोणत्या द्रव्याचा कचरा आहे, हे पिशवीवर लिहिलेले नसेल तर ती पिशवी कधी उघडायची, हे कोणालाच सांगता येणार नाही.

तळघरातील टाकी

आता मूत्राचे काय करायचे ते पाहू. अधिक मात्रा दिल्या जाणाऱ्या रुग्णांच्या खोलीतील शौचालयाचे सांडपाणी थेट गटारात सोडत नाहीत. ते स्वतंत्र नळाने ‘डिले टँक’ नावाच्या टाकीत जाते. तिला आपण विलंब-टाकी म्हणू. नाव अर्थपूर्ण आहे. ही टाकी पाणी शुद्ध करीत नाही, गाळत नाही. केवळ थांबवून ठेवते. एक टाकी भरली की तिचे तोंड बंद करायचे, पाणी दुसऱ्या टाकीकडे वळवायचे आणि पहिलीला स्वस्थ राहू द्यायचे.

एक उदाहरण घेऊ. दोन खाटांचा विभाग आहे आणि प्रत्येक रुग्णामागे दिवसाला शंभर लिटर पाणी टाकीत जाते, असे समजा. सहा हजार लिटरची एक टाकी तीस दिवसांत भरेल. अशा तीन टाक्या असतील तर पहिली भरल्यानंतर दुसरी आणि तिसरी भरेपर्यंत तिला साठ दिवसांची विश्रांती मिळेल. साठ दिवसांत तीव्रता सुमारे १७८ पटींनी कमी होते. आता शौचालयातील फ्लशची टाकी गळू लागली आणि रोज पन्नास लिटर पाणी फुकट वाहू लागले, असे समजा. टाकी तीसऐवजी चोवीस दिवसांतच भरेल. विश्रांतीचा काळ साठवरून अठ्ठेचाळीस दिवसांवर येईल आणि तीव्रता १७८ पटींऐवजी केवळ ६३ पटींनी घटेल. म्हणजे पाण्याच्या एका गळतीने बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा किरणोत्सार जवळजवळ तिप्पट केला!

इतर विभागांत नळ गळत असेल तर पाण्याचे बिल वाढते. अणुवैद्यकाच्या विभागात नळ गळणे हा किरणोत्सार सुरक्षेचा प्रश्न असतो. हे प्लंबरला कोणी समजावून सांगितलेले नसते, आणि भांडाराकडे नव्या वॉशरची मागणी गेली तर ती इतर मागण्यांच्या रांगेत पडून राहते. रुग्णाला आपण भरपूर पाणी प्यायला सांगतो, कारण औषध शरीराबाहेर लवकर जावे. शौचालय दोनदा धुवायला सांगतो, कारण भांड्यात काही राहू नये. हे पाणी आवश्यकच आहे. म्हणूनच अनावश्यक पाण्याचा प्रत्येक थेंब वाचवावा लागतो आणि कमी पाणी वापरणारी फ्लशची व्यवस्था बसवावी लागते.

टाकीच्या रचनेतही पथ्ये आहेत. नळाला पुरेसा उतार हवा, वळणे आणि सांधे कमी हवेत, म्हणजे वाटेत गाळ साचणार नाही. तो नळ स्वयंपाकघरावरून किंवा माणसांच्या नित्य वावराच्या खोलीवरून जाता कामा नये. टाकीभोवती कुंपण, कुलूप आणि किरणोत्साराची तीन पात्यांची खूण हवी. पाण्याची पातळी टाकीचे झाकण न उघडता कळायला हवी आणि टाकी भरत आली की सूचना देणारी घंटा वाजायला हवी. गळती झालीच तर ती जमिनीत मुरू नये म्हणून खाली बंदिस्त कठडा हवा. पाणी सोडण्यापूर्वी नमुना घेऊन मोजणी करायची आणि ती नोंदवहीत लिहायची. हे झाल्याशिवाय झडप उघडायची नाही. विभागाचा आराखडा अणुऊर्जा नियामक मंडळाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. हे मंडळ १९८३ साली स्थापन झाले आणि १९८७ साली केंद्र सरकारने किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे स्वतंत्र नियम केले. म्हणजे या विषयाकडे आपल्या देशाने बरेच आधी लक्ष दिले आहे.

पिशवीवरची तारीख

द्रवरूप कचऱ्यानंतर घन कचऱ्याकडे वळू. रुग्णाने वापरलेले कागदी पेले, ताटल्या, चमचे, उष्टे अन्न, फळांच्या साली, हातमोजे, जमिनीवर अंथरलेला शोषक कागद, डायपर, लघवीच्या पिशव्या, इंजेक्शनच्या सुया आणि औषधाच्या कुप्या हे सर्व या कचऱ्यात येते. खोलीतील दूरध्वनी, दिव्याची बटणे आणि दरवाजाच्या मुठी यांना प्लास्टिकचे आवरण घालतात, कारण रुग्णाच्या हाताच्या घामातून आयोडीन त्यांना लागते. ते आवरणही कचऱ्यात जाते. येथे एक व्यावहारिक अडचण सांगतो. उष्टे अन्न ८० दिवस साठवणे म्हणजे दुर्गंधी आणि कीड यांना आमंत्रण. म्हणून रुग्णाला तेवढेच वाढावे जेवढे तो संपवेल, आणि बिया-सालींचे पदार्थ शक्यतो टाळावेत, हा साधा उपाय कोणत्याही महागड्या यंत्रणेपेक्षा अधिक उपयोगी पडतो. पानात टाकू नये, ही आपल्या घरातील शिकवण येथे विज्ञानाच्या अंगाने उपयोगी पडते.

प्रत्येक पिशवीवर द्रव्याचे नाव, बंद केल्याची तारीख आणि त्या दिवशीचे मापन लिहितात. पिशवी शिशाच्या किंवा जाड भिंतीच्या आडोशाला, कुलूपबंद खोलीत ठेवतात. मुदत भरल्यावर पुन्हा मोजणी होते. मापक यंत्रावरचा आकडा परिसरातील नैसर्गिक पातळीइतका आला की ती पिशवी साध्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या मार्गाने जाऊ शकते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतून किरणोत्सारी कचरा मुद्दाम वगळलेला आहे. तो शांत झाल्यानंतरच त्या नियमांच्या कक्षेत येतो.

या टप्प्यावर एक बारीकशी गोष्ट राहून जाते. पिशवी बाहेर पाठवण्यापूर्वी तिच्यावरची तीन पात्यांची खूण काढून टाकली पाहिजे किंवा खोडली पाहिजे. निरुपद्रवी पिशवीवर ती खूण तशीच राहिली तर रस्त्यावर घबराट माजते, वर्तमानपत्रात बातमी येते. याहून वाईट म्हणजे, ती खूण वारंवार निरुपद्रवी पिशव्यांवर दिसू लागली की कामगारांच्या मनातून तिचे भय नाहीसे होते. मग खरोखर जपायच्या पिशवीलाही कोणी जपत नाही.

झाडू हातात असलेला माणूस

आता मी ज्या गोष्टीला सर्वाधिक महत्त्व देतो तिच्याकडे येतो. रुग्णालयात डॉक्टर आणि तंत्रज्ञ छातीवर मापक बिल्ला लावतात. ठरावीक मुदतीने तो तपासला जातो आणि त्यांना किती किरणोत्सार मिळाला, याची नोंद होते. किरणोत्साराशी व्यावसायिक संबंध असणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसीव्हर्ट अशी मर्यादा आहे. मात्र शौचालय धुणारा, पिशव्या उचलणारा, टाकीची झडप उघडणारा कामगार यांपैकी कोणत्या रकान्यात मोडतो? अनेकदा तो कंत्राटदाराचा माणूस असतो. गेल्या महिन्यात ज्याला प्रशिक्षण दिले तो या महिन्यात दुसऱ्या इमारतीत गेलेला असतो आणि त्याच्या जागी आलेल्याला काहीच ठाऊक नसते.

एका सफाई कामगाराने मला एकदा विचारले होते, “साहेब, हे दिसत नाही, याला वास येत नाही, मग मी जपू तरी कशापासून?” या प्रश्नाला व्याख्यान हे उत्तर नव्हते. मी मापक यंत्र सुरू करून त्याच्या हातात दिले आणि बंद पिशवीजवळ न्यायला सांगितले. यंत्राची चटचट वाढली. दोन पावले मागे यायला सांगितले, चटचट मंदावली. अंतर दुप्पट केले की किरणोत्सार सुमारे चौथाईवर येतो, हा नियम त्याला पाच मिनिटांत कळला. वेळ कमी, अंतर जास्त आणि मध्ये आडोसा, ही तीन सूत्रे त्याने त्या दिवसापासून पाळली. अज्ञानामुळे माणूस एक तर बेफिकीर होतो किंवा भेदरून जातो. ज्ञानामुळे तो सावध होतो.

याच कामगाराला आणखी एक गोष्ट शिकवावी लागते. रुग्णालयात काही सांडले की ब्लीचिंगचे द्रावण ओतायचे, अशी त्याला सवय असते. जंतूंसाठी ते योग्यच आहे. पण आयोडीनयुक्त मूत्रावर ब्लीचिंग किंवा आम्ल ओतले तर आयोडीन वायुरूप होऊन श्वासावाटे शरीरात जाऊ शकते. तेथे प्रथम शोषक कागदाने टिपून घ्यायचे आणि बाहेरून आत पुसत यायचे, म्हणजे डाग पसरत नाही. त्यासाठी योग्य द्रावण विभागात आधीच तयार ठेवावे लागते. एका विभागात जे स्वच्छतेचे लक्षण, तेच शेजारच्या विभागात धोक्याचे कारण ठरते. म्हणून ‘सफाईचे काम कोणीही करील’ हे गृहीतक अणुवैद्यकात चालत नाही.

रुग्ण घरी गेल्यानंतर

रुग्णाच्या शरीरातील किरणोत्सार ठरावीक मर्यादेखाली आला की त्याला घरी सोडतात. त्यानंतरही काही दिवस त्याच्या मूत्रातून आयोडीन जात राहते. घरी विलंब-टाकी नसते. मग काय करावे? बसून लघवी करावी, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. झाकण लावून दोनदा पाणी सोडावे. हात नीट धुवावेत. कपडे वेगळे धुवावेत. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून डॉक्टरांनी सांगितलेले दिवस अंतर राखावे. अंगावर पाजणाऱ्या मातेने या उपचारापूर्वीच बाळाचे दूध तोडायला हवे. डायपर किंवा सॅनिटरी पॅड वापरावे लागत असतील तर ते घंटागाडीत टाकू नयेत. दुहेरी पिशवीत बांधून, तारीख लिहून, कोणाचा वावर नसलेल्या जागी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत ठेवावेत. कारण घंटागाडीतला कचरा पुढे ज्या हातांनी निवडला जातो, त्या कचरावेचक भगिनीला तो कोठून आला, हे कधीच कळणार नाही. गावी घराला शोषखड्डा किंवा मैल्याची टाकी असेल तर तेथे कचरा आपोआप थांबतो, हे खरे. पण उपचारानंतरचे दोन-तीन महिने ती टाकी उपसायला गाडी बोलावू नये.

दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. या सूचनांचा विपर्यास करून काही घरांत रुग्णाला वाळीत टाकल्यासारखे वागवतात. त्याचे ताट-वाटी कायमची वेगळी होतात, सून महिनोन्‌महिने मुलाला त्याच्याजवळ जाऊ देत नाही, शेजारी बोलणे टाकतात. किरणोत्सार हा विटाळ नव्हे. तो मोजता येतो, त्याला मुदत असते आणि मुदत संपल्यावर तो संपतो. ज्या दिवशी डॉक्टर पथ्य संपले असे सांगतात, त्या दिवशी नातवाला आजोबांच्या मांडीवर बसू द्यावे. ताट धुऊन पुन्हा सर्वांच्या ताटांत ठेवावे. खबरदारी आणि अस्पृश्यता यांत फरक आहे आणि तो समाजाला समजावून सांगणे हेही रुग्णालयाचेच काम आहे.

क्वचित असेही घडते की उपचारानंतर काही दिवसांतच रुग्णाचे निधन होते. शोकाकुल घरात हा विषय काढणे कठीण असते. पण देहाला स्नान घालण्यापूर्वी, शवविच्छेदनापूर्वी आणि दहनापूर्वी रुग्णालयाच्या किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याला कळवणे आवश्यक आहे. अंत्यसंस्कार थांबवावे लागतीलच असे नाही. बहुधा काही साधी पथ्ये पुरतात. मात्र ती पथ्ये कोणती, हे मापन केल्यावरच सांगता येते.

मतभेद आणि आपली वाट

या विषयात जगभर एकमत नाही, हेही प्रांजळपणे सांगायला हवे. अमेरिकेत रुग्णाच्या मलमूत्राला गटारात सोडण्याच्या मर्यादांमधून सूट आहे आणि १९९७ पासून पुष्कळ रुग्णांना मोठी मात्रा देऊनही त्याच दिवशी घरी पाठवता येते. जर्मनीत रुग्णाला निदान दोन दिवस रुग्णालयात ठेवतात आणि सांडपाणी थांबवून ठेवण्याची व्यवस्था करतात. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने २००४ साली आपल्या ९४ क्रमांकाच्या प्रकाशनात असा निष्कर्ष मांडला की, रुग्णांच्या मूत्रातून गटारात जाणाऱ्या आयोडीनपासून सांडपाणी कामगारांना आणि जनतेला मिळणारा किरणोत्सार मर्यादेच्या बराच खाली राहतो. तेव्हा टाकीचा एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न काही तज्ज्ञ विचारतात आणि तो प्रश्न अयोग्य नाही.

माझे मत असे आहे की, गटाराचा विचार करताना त्या गटारात कोण उतरते, याचाही विचार केला पाहिजे. माणसाने हाताने मैला उपसण्याला आणि संरक्षक साधनांविना गटारात उतरण्याला बंदी करणारा कायदा आपल्याकडे २०१३ साली झाला. तरीही गटारात उतरून माणसे मरण पावल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. ती माणसे विषारी वायूने मरतात, आयोडीनने नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु जो माणूस आधीच इतके सोसतो आहे, त्याच्या वाट्याला आपल्या रुग्णालयातून आणखी एक ओझे जावे का? ते टाळण्यासाठी लागते ती केवळ जागा, काही टाक्या आणि ८० दिवसांचा धीर. जोखीम लहान आहे, म्हणून ती दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवण्याचा आपल्याला अधिकार मिळत नाही.

उलट बाजूने अतिरेकी भीतीचाही विचार करावा. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया येथे आणि २०१० साली दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात जे घडले, त्यांची उदाहरणे देऊन काही लोक वस्तीतील रुग्णालयाला विरोध करतात. गोयानियात सोडून दिलेल्या दवाखान्यातील यंत्रातले सिझियम-१३७ भंगारवाल्यांच्या हाती पडले आणि चार माणसे दगावली. मायापुरीत कोबाल्ट-६० चे जुने उपकरण लिलावात भंगार म्हणून गेले आणि एकाचा बळी गेला. या दोन्ही घटना अत्यंत तीव्र, बंदिस्त स्रोतांच्या आहेत. सिझियमचे अर्धायुष्य तीस वर्षांचे आहे, आयोडीनचे आठ दिवसांचे. दोहोंना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. पण त्या घटनांतील धडा मात्र आपल्यालाही लागू आहे. त्या वस्तूची गरज संपली तेव्हा तिच्यावरची कोणाची तरी जबाबदारीही संपली, आणि ती वस्तू अनाथ झाली. अनर्थ तेथून सुरू झाला.

विश्वस्तांना विनंती

समारोपापूर्वी विश्वस्त मंडळींना काही विनंत्या करतो. अणुवैद्यक विभागाचा प्रस्ताव आला तर यंत्राच्या आधी टाकीचा आराखडा पाहा. इमारतीचा पाया घालतानाच टाक्यांची जागा राखून ठेवा. नंतर ती निघत नाही. एक टाकी जास्तीची ठेवा. सफाईचे काम करणाऱ्यांना कायम नेमा, त्यांना प्रशिक्षण द्या आणि ज्यांच्या कामाला आवश्यक असेल त्यांना बिल्लाही द्या. त्या विभागाच्या नळदुरुस्तीची मागणी त्याच दिवशी पूर्ण होईल, असा नियम करा. कचऱ्याची नोंदवही वर्षातून एकदा तरी स्वतः उघडून पाहा. आणि परिसरातील रहिवाशांना बोलावून तळघरात काय आहे, ते दाखवा. जे दाखवले जाते त्याची भीती वाटत नाही. जे झाकले जाते त्याच्याविषयी कुजबुज होते.

देणगीदारांनाही एक सांगणे आहे. दर्शनी यंत्रावर नाव कोरले जाते, टाकीवर कोणाचेच नाव नसते. पण ज्याने कुंपणाआडच्या त्या टाकीसाठी पैसे दिले, त्याने परिसरातील अनोळखी कामगाराला, कचरावेचक भगिनीला आणि अजून जन्माला न आलेल्या बालकालाही अभय दिले, असे मी मानतो. अशा दानाची पावती कोणी मागायला येत नाही.

आपल्या संस्थेने पन्नास वर्षे जी सेवा केली, तिचा पुढील प्रवासही असाच सजग राहो, ही सदिच्छा व्यक्त करतो.